पाण्याच्या ओळी

दादाचा फोन आला तेव्हा काट्यावर कापसाचा ट्रक उभा होता. मी खामगावच्या एका जिनिंगमध्ये वजनकाट्यावर बसतो. भरलेली गाडी मोजायची, रिकामी मोजायची, वजाबाकी लिहायची, हेच काम गेली कित्येक वर्षं. दादा म्हणाला, "प्रज्ञा गेली." मी "बरं" म्हणालो. मग मी ट्रकचं वजन लिहिलं, चालकाला चिठ्ठी दिली आणि मागच्या गाडीला हात केला. ती गाडी काट्यावर चढली, तिचंही वजन लिहिलं. त्यानंतर मला कळलं, की आपल्याला उठायला हवं. पुढे कामावर परतल्यावर मी पहिल्यांदा ती दोन वजनं तपासून पाहिली. दोन्ही बरोबर होती. कसं वाटलं, असं लोक विचारतात म्हणून हे लिहितो. मला काही वाटलं नाही. अजूनही नीटसं वाटत नाही. हात मात्र बरोबर काम करतात.

प्रज्ञावहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची, मिलिंददादाची बायको. तालुक्याच्या कॉलेजात त्या सूक्ष्मजीवशास्त्र शिकवत. मूत्रमार्गाचा संसर्ग रक्तात उतरला आणि अकोल्याच्या दवाखान्यात त्या गेल्या. सोनाळ्याला घरी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, तेव्हा त्यांच्या कॉलेजातले एक सर बोलायला उभे राहिले. म्हणाले, "ज्या जिवाणूंसाठी मॅडमनी आयुष्य वेचलं, त्याच जिवाणूंनी अखेर त्यांना आपल्यातून नेलं." मांडवातल्या लोकांनी माना हलवल्या. मला ते वाक्य खटकलं आणि ते इथं दुरुस्त करतो. ते जिवाणू वेगळे होते. वहिनींनी काम केलं ते लिंबाच्या खैऱ्या रोगाच्या जिवाणूवर. तो माणसाला काही करत नाही. त्यांना नेलं ते दुसऱ्याच जातीनं. वहिनी मांडवात असत्या तर सरांना हेच म्हणाल्या असत्या, आणि सर बसेपर्यंतही थांबल्या नसत्या.

त्या हिवरा आश्रमाकडच्या, मेहकर तालुक्यातल्या. लग्न होऊन आल्या तेव्हा आमची बोली ऐकून पदराआड हसायच्या. आई म्हणायची, "हास, हास. तुह्या गावचे लोक काय लय शुद्ध बोलून राह्यले?" वहिनी म्हणायच्या, "नाही हो आई, आमच्याकडं तर अर्धा मराठवाडाच बोलतो." मी त्यांचा एकुलता दीर. वयानं आमच्यात फार अंतर नव्हतं, तरी त्यांनी मला शेवटपर्यंत "भाऊजी" आणि "तुम्ही" म्हटलं. आकड्यांची आवड ही आमची दोघांची समाईक गोष्ट. मी काही सांगितलं की त्या लगेच विचारत, "मोजलंत, की वाटलं?" सुरुवातीला राग यायचा. नंतर सवय झाली. पुढे पुढे मीही जिनिंगवर लोकांना तेच विचारू लागलो आणि तिथं काही जणांचा रोष पत्करला.

आमच्या वडिलांनी रेल्वेतल्या नोकरीच्या बळावर सोनाळ्याला साडेतीन एकर जमीन घेतली आणि तिच्यात कागदी लिंबू लावलं होतं. आमच्या वस्तीत फळबाग असलेलं ते पहिलं घर. वडील गेले, बाग दादाकडे आली, आणि काही वर्षांनी बागेत खैऱ्या शिरला. पानांवर, काट्यांवर, फळांवर खरबरीत तपकिरी डाग, भोवती पिवळं कडं. आतला रस तसाच आंबट असतो, पण डागाचं फळ बाजारात चालत नाही. लिंबाचे व्यापारी रहीमभाई दरवर्षी बागेत येत, एक फळ तोडून अंगठ्यानं चोळत आणि म्हणत, "मिलिंदभाऊ, माल तं चांगला हाय, पन याले माता आल्यासारकी दिसते. कोन हातात घेईन?" दादानं मोरचूद-चुना फवारला, दुकानदारानं दिलेली प्रतिजैविकाची पुडी फवारली. एक साल कमी व्हायचं, पुढच्या पावसाळ्यात पुन्हा तेच. त्याच सुमारास गावात बीटी कपाशी आली होती. पहिल्या वर्षी ज्यांनी लावली त्यांची बोंडं अळीनं खाल्ली नाहीत, आणि दुसऱ्या वर्षी पाहावं तिकडं तेच बियाणं. माझ्या काट्यावरही ते दिसत होतं. गाड्यांची रांग जिनिंगच्या फाटकाबाहेर रस्त्यावर जाऊ लागली. दादा म्हणाला, "बाग उपटतो न् कपाशी लावतो." वहिनी म्हणाल्या, "मला एक पावसाळा द्या." त्याआधीचा एक पावसाळा त्यांनी नुसता पानं गोळा करण्यात घालवला होता. दादा म्हणाला, "हा देल्ला. दिवाळीले सांग. रोग हटते का नाही हटत, एवढंच."

वहिनी काय करणार होत्या, ते त्यांनी आम्हाला अंगणात बसून सांगितलं होतं. एक जिवाणू एकटा पानाचं काही वाकडं करत नाही. त्यानं एकट्यानं हल्ला केला तर झाडच त्याला संपवील. म्हणून तो गप्प राहतो, वाढत राहतो, आणि त्याच्या अंगातून एक पदार्थ थोडाथोडा बाहेर झिरपत राहतो. प्रत्येकाच्या अंगातून झिरपतो. गर्दी झाली की तो पदार्थ दाट होतो, आणि दाट झाला की सगळ्यांना एकाच वेळी कळतं, आता आपण पुरेसे आहोत. मग सगळे मिळून पान फोडायला लागतात. "शाळेतलं एकटं पोरगं दुसऱ्याच्या बोरीवर दगड मारत नाही," वहिनी म्हणाल्या, "दहा जमली की मारतात. पण पोरांना एकमेकं दिसतात. यांना डोळे नाहीत. हे त्या झिरपण्यावरून मोजतात."

आई म्हणाली, "म्हंजे त्याईचाबी मोर्चा निंगते म्हन की."

"निघतो ना. आणि औषधानं आपण मोर्चातली माणसं मारतो. जी उरतात ती जास्त हट्टी. मला मारायचंच नाही. लिंबाच्याच पानावर दुसरे गरीब जिवाणू राहतात, ते तो झिरपलेला पदार्थ खातात. ते वाढवायचे आणि फवारायचे. मग खैऱ्याचा जिवाणू राहू दे पानावर. आपण किती जमलो, हे त्याला कळणार नाही."

दादा म्हणाला, "चोर घरातच राहतीन, पन एकमेकाईले हाक नाही मारता येनार."

"तसंच काहीतरी," वहिनी म्हणाल्या. 'तसंच' एवढंच म्हणून त्या कधी थांबत नसत.

त्यांनी ओळी पाडल्या. काही ओळींना त्यांचं ताकासारखं दिसणारं पाणी, त्यांना हिरवी चिंधी. काहींना मोरचूद-चुना, त्यांना निळी. आणि दोन ओळींना नुसतं विहिरीचं पाणी, त्यांना पांढरी. त्या दोन ओळी कशासाठी, हे दादानं विचारलं. वहिनी म्हणाल्या, "काहीच दिलं नाही तर काय होतं, हे कळल्याशिवाय दिल्यानं काय झालं हे कसं कळणार?" मला हे लगेच पटलं. रिकामी गाडी मोजल्याशिवाय मालाचं वजन निघत नाही. वहिनी रविवारी फवारत, दादा मागं पंप घेऊन. मी एका रविवाराआड खामगावहून जात असे आणि ठरलेल्या फांद्यांवरच्या ठरलेल्या पानांचे डाग मोजत असे. चिंध्यांचे रंग पाहून माझा हात झुकू नये म्हणून त्या मला ओळींकडे पाठमोरं चालत नेत आणि एकेक फांदी हातात देत. रहीमभाई एकदा बांधावरून हे पाहत होते. म्हणाले, "ये क्या, नवरदेवाले आंतरपाटामागं उभं केल्यासारकं!" फवारून उरलेलं औषध वहिनी बादलीत ठेवत आणि आईला सांगत, की उद्या हे उकिरड्यावर ओता. सोमवारी त्या कॉलेजला गेलेल्या असत आणि दादा दुसऱ्यांच्या कामावर.

त्या पावसाळ्यात बाग सुधारली. हे कोणालाही दिसत होतं. पण बाग सुधारली हे उत्तर नव्हतं. दिवाळीच्या आधी मी आणि वहिनींनी ओळवार बेरजा केल्या. निळ्या ओळींवर डाग कमी. हिरव्या ओळींवर त्याहून थोडे कमी. आणि पांढऱ्या ओळींवर, जिथं नुसतं पाणी होतं, तिथंही हिरव्यांइतकेच कमी. मी दोनदा बेरीज केली. वहिनी पाणी प्यायल्या आणि बाहेर अंगणात आल्या. तिथं दादा होता, लिंबाचा सौदा करायला आलेले रहीमभाई खाटेवर बसले होते आणि आई सुपात तूर निवडत होती.

वहिनी दादाला म्हणाल्या, "फरक नाही. माझं औषध आणि पाणी सारखंच. रोग यंदा आपोआप कमी पडला असेल. मी काही केलं असं म्हणता येत नाही."

आईनं मान वर केली. "काऊन वं? पानी काऊन? त्याईलेबी म्या तुहं औषधच देल्लं ना."

"कोणाला?"

"त्या पांढऱ्या चिंधीवाल्याईले."

आई पुढं बोलली, सुपातले खडे वेचतच. "साऱ्या वावराले वाढाचं, न् दोन ओळी तोंडाकडे पाहत बसवाच्या... माह्यानं नाई पाह्यलं गेलं बापा. आमी लहान होतो तं पाटलाच्या घरच्या लग्नात आमाले गोठ्यापाशी बसवे. साऱ्या पंगती उठल्यावर आमाले. मांड्याचा वास येत राहे न् आमी बसून. झाडाईले काय तोंड हाय का बोलाले? म्हून देल्लं." मग वहिनींचा चेहरा पाहून ती जरा चाचरली. "ताजं नाई देल्लं. तू उकिरड्यावर ओत म्हनत होती, तेच उरलंसुरलं. लिंबाच्या डहाळीनं शिपडलं."

मी आजवर बरीच भांडणं पाहिली आहेत, काट्यावर तर रोजच. मला वाटलं आता होणार. वहिनी आईजवळ खाली बसल्या. त्यांनी सुपातून मूठभर तूर आपल्यापुढं घेतली आणि त्याही खडे वेचू लागल्या. थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "आई, दर सोमवारी दिलं, की कधीकधी?"

"उरे तवा तवा."

"दोन्ही ओळींना सारखं?"

"हाव मंग! इथंबी भेदभाव करू का?"

रहीमभाई मोठ्यानं हसले, आणि दादाही. मी मात्र मनात आकडे जुळवत होतो. पांढऱ्या ओळींनाही औषध मिळालं असेल, तर त्या हिरव्यांसारख्या दिसणारच. मी उठून उभा राहिलो आणि म्हणालो, "वहिनी, म्हणजे औषध चालतंय! उलट जास्तच चालतंय, डहाळीनं शिंपडूनही चालतंय!"

"तसं नाही म्हणता येत, भाऊजी. माझ्याकडं आता पाणीच उरलं नाही मोजायला."

रहीमभाई म्हणाले, "म्याडम, धुऱ्यापलीकडची बाग पाहा ना. पान राह्यलं नाही एक. अजून काय पायजे?"

"ती बाग म्हातारी आहे, रहीमभाई. जमीन उथळ आहे. ते माझं पाणी नाही."

तेव्हा दादा उठला. त्याचा चेहरा मला अजून दिसतो. त्याला खरं म्हणजे बाग उपटायची नव्हती. वडिलांनी लावलेली झाडं होती ती. त्याला कोणीतरी अडवायला हवं होतं. तो वहिनींसमोर उकिडवा बसला आणि म्हणाला, "प्रज्ञा, तू एक डाव हो म्हन. चालते म्हन. बस. म्या झाडं ठेवतो."

वहिनी खडे वेचत राहिल्या.

"दुकानदार म्हनते कपाशी लाव, हो. कंपनीचा पोट्टा म्हनते, हो. सारं गाव हो म्हनून राह्यलं. तूच काऊन नाई म्हनत?"

"मी नाही म्हणत नाहीये. मला माहीत नाही."

"अंदाजानं सांग."

"अंदाजानं तुमच्या बाबांची जमीन अडकवून ठेवू? पुढच्या साली गेली बाग, तर?"

"मंग आजून एक साल माग."

"दोन घेतले आहेत. तिसरं कशाच्या जोरावर मागू?"

मी तेव्हाही आणि नंतरही हे पुष्कळदा मनाशी ताडून पाहिलं आहे. त्यांना औषधावर विश्वास नव्हता असं नाही. मला वाटतं होता, माझ्याहून जास्त होता. पण विश्वास आणि माहिती यांची त्यांनी कधी बेरीज केली नाही... ती बाग त्यांना दादाइतकीच हवी होती. त्यांच्या कामाला तेव्हा दुसरी जागा नव्हती. एका शब्दानं ती राहिली असती, आणि तो शब्द चुकला असता तरी त्यांना कोणी बोललं नसतं. हे त्यांना कळत होतं. दादा उठला, फाटकाबाहेर गेला, आणि परत आल्यावर रहीमभाईंना म्हणाला, "एवढा तोडा घेऊन घ्या. मंग पुढं नाई."

फळं उतरली आणि झाडं तोडली. त्या दिवशी वहिनींनी कॉलेजातून रजा घेतली. कोणाला वाटलं होतं त्या रडतील. त्या दिवसभर पिशवी घेऊन पडलेल्या झाडांमधून फिरल्या आणि पानं खुडून भरली, पांढऱ्या ओळींची वेगळी, हिरव्यांची वेगळी. हाताला काटे लागले होते. आई बांधावर बसून होती, जेवायलाही आली नाही. वहिनी तिला हाताला धरून घेऊन आल्या. तोडलेल्या लिंबाच्या लाकडाचा वास तीन-चार दिवस घरापर्यंत येत होता, असं मला आठवतं. चार नसतील, तीन असतील.

पुढं काही वर्षांनी कॉलेजच्या आवारातल्या रोपांवर प्रयोग करून वहिनींनी पीएच.डी. पुरी केली. तिथं त्यांचं औषध चाललं, पण त्या लगेच पुढं सांगत, "सावलीतली रोपं होती ती. पाऊस नाही, वारा नाही." मार्गदर्शकांनी सुचवलं होतं, की सोनाळ्याच्या बागेचा उल्लेखच करू नका. त्यांनी केला. एक वाक्य लिहिलं, की उरलेलं मिश्रण चुकून पाण्याच्या ओळींना दिलं गेल्यामुळं ते निष्कर्ष धरलेले नाहीत. हे त्यांनी घरी वाचून दाखवलं, तर आई म्हणाली, "चुकून काऊन लिवलं? म्या चुकून नाही देल्लं. समजून-उमजून देल्लं." वहिनी पोट धरून हसल्या. आणि मग, त्या वहिनी होत्या म्हणून, त्यांनी ते पान दुरुस्त केलं. 'चुकून' काढून 'जाणीवपूर्वक' घातलं.

कपाशीनं पहिली काही वर्षं भरपूर दिलं. ते नाकारून चालणार नाही; घराला स्लॅब पडला तो त्याच वर्षांत. बीटीच्या बियाण्याबरोबर तेव्हा एक छोटी पुडी यायची, साध्या कपाशीची. ती कडेच्या ओळींत लावायची, म्हणजे अळीला खायला साधं झाड मिळतं आणि सगळ्याच अळ्या बीटीला सरावत नाहीत. गावात ती पुडी कोणी लावत नसे. अळीसाठी रान कोण सोडणार? लोक ती गुरांपुढं टाकत, नाहीतर उकिरड्यावर. वहिनींनी दादाला एकदा समजावून सांगितलं, की बीटीतही एका जिवाणूचाच गुण घातलेला आहे, आणि हट्टी अळी हट्टी जिवाणूसारखीच तयार होते. दादा म्हणाला, "पाहू." पेरणीच्या दिवशी आम्ही पाहिलं तर आई पुडी घेऊन धुऱ्यानं, बांधाच्या कडेकडेनं, चालली होती आणि एकेक बी टोबत होती. दादा ओरडला, "आई, ते अळीचं हाय!"

"मंग अळीलेच वाढून राह्यली," आई म्हणाली. "मले नोको शिकवू. दोन ओळी काऊन ठेवा लागते, ते मले आता समजते."

दरवर्षी ती ते करत राहिली. पण एका धुऱ्यानं काय होणार... गुलाबी बोंडअळी आली ती साऱ्या शिवारात आली, आमच्याही. बोंड बाहेरून हिरवंगार, फोडलं की आत अळी. त्या हंगामात काट्यावर आलेल्या कापसात कवडी, म्हणजे अळीनं बिघडवलेला कापूस, किती होती, ते मी हातात घेऊन पाहिलं आहे. रांग फाटकाच्या आतच संपू लागली. गावात कोणी कोणाला किती पिकलं ते विचारत नव्हतं. दादानं एकदा वहिनींना विचारलं, "लिंबू राह्यलं असतं तं?" त्या म्हणाल्या, "माहीत नाही." त्यानं पुन्हा विचारलं नाही. घरात यावरून कडवटपणा राहिला नाही, असं मी लिहिणार होतो. थोडा राहिला. पण तो दोघांनी वाटून घेतला होता.

आता दवाखान्याचं. आम्ही नेलं तेव्हा ताप फार होता, पण शुद्ध होती. एका दिवशी तपासणीचा अहवाल आला. कोणतं औषध या जिवाणूवर चालतं आणि कोणतं नाही, हे त्यात असतं. वहिनी मला म्हणाल्या, "भाऊजी, वाचा." मी अडखळत औषधांची नावं वाचली, आणि प्रत्येकासमोरचं अक्षर. आर म्हणजे जिवाणू दाद देत नाही, एस म्हणजे देतो. हे त्या वर्षानुवर्षं पोरांना शिकवत होत्या. आर. आर. आर. मी खाली खाली जात होतो. त्यांनी डोळे मिटले होते. एका ठिकाणी एस आलं.

"तेवढं एकच?"

"हो."

"ते सुरू केलंय का?"

"कालपासून."

"बरं झालं." मग थोड्या वेळानं, जणू वर्गात राहिलेलं सांगतात तसं म्हणाल्या, "न मारता गप्प बसवायचं औषध माणसांसाठी अजून निघालेलं नाही. लोक काम करताहेत. निघेल की नाही, ते आत्ता नाही सांगता येणार." डॉक्टर चांगले होते, परिचारिका चांगल्या होत्या. उशीर झाला असंही मला म्हणता येत नाही. मी सगळं उलटसुलट तपासलं आहे. कुठंही चुकलेला आकडा सापडला नाही. सापडला असता तर कदाचित काही वाटलं असतं.

मी बाहेर जायला निघालो, तेवढ्यात दादा आत आला. त्यानं तो कागद पाहिला नव्हता, आणि पाहून त्याला कळलाही नसता. तो पलंगाजवळ उभा राहिला, हात कुठं ठेवावा हे त्याला समजत नव्हतं, आणि त्यानं विचारलं, "बरी होशीन ना वं?"

मी दारातच थांबलो. उत्तर मला ठाऊक होतं. तीस वर्षं ऐकलेलं होतं.

वहिनींनी त्याच्याकडे पाहिलं. बऱ्यापैकी वेळ पाहिलं. "हाव," त्या म्हणाल्या. "होईन."

दादाचा चेहरा मोकळा झाला. तो बाहेर आला आणि त्यानं माझ्याबरोबर पोटभर चहा-पाव खाल्ला. कित्येक दिवसांत पहिल्यांदा... मी त्याला काही सांगितलं नाही. हा लेख तो वाचेल तेव्हा त्याला कळेल, आणि कळलं तरी आता हरकत नाही, असं वाटतं. मोजून सांगत नाही, वाटतं.

मागच्या आठवड्यात सोनाळ्याला गेलो होतो. दादाच्या घरी स्वयंपाकघरात एक जुना फ्रिज आहे. त्याच्या खालच्या कप्प्यात भाजी कधी नसते. तिथं वहिनींच्या काचेच्या नळ्या असतात, लिंबाच्या पानांवरून वाढवलेल्या त्या गरीब जिवाणूंच्या. कॉलेजातले कोणीतरी येऊन नेणार आहेत, अजून आलेले नाहीत. आम्ही जेवायला बसलो आणि वीज गेली. आमच्याकडे ते नेहमीचं आहे. अंधारात जेवणं उरकली, हात धुतले. आई भिंतीला टेकून बसली होती. वहिनींना एक सवय होती. वीज परत आली, की त्या हातातलं काम टाकून उठत आणि फ्रिजच्या कडेला तळवा लावून उभ्या राहत. आत यंत्र धडधडायला लागलं की मगच परत बसत. बोलणं अर्धं राहिलं असेल तर तिथूनच पुरं करत.

वीज आली. पंखा फिरू लागला, कुठंतरी शेजारी टीव्ही सुरू झाला. आम्ही तिघांनीही स्वयंपाकघराकडे पाहिलं. मग दादा उठला. स्वयंपाकघरात गेला, फ्रिजला तळवा लावला आणि तसाच उभा राहिला. मला त्याची पाठ दिसत होती.

आईनं इथूनच विचारलं, "चालू हाय का?"

त्यानं हात तिथंच ठेवला.

"हाव," तो म्हणाला.